माझा कितवा आला?

मराठी माणसाचा रंग चेहऱ्याला नसतो, बायोडेटाला असतो. चेहरा उन्हातान्हात फिरतो, वयाबरोबर बदलतो. बायोडेटातला रंग एकदा लिहिला की जन्मभर टिकतो. 'गोरा', 'निमगोरा' आणि अगदीच इलाज नसला तर 'गव्हाळ'. चौथा शब्द लिहिलेला मी अजून पाहिला नाही, आणि टेक्सासातल्या अर्विंगमध्ये इतकी वर्षं आपल्या लोकांचे टॅक्स भरून देते म्हणजे लोक स्वतःबद्दल कागदावर काय काय लिहितात ते मी पुष्कळ पाहिलं आहे. उत्पन्न जमेल तितकं कमी दाखवायचं आणि रंग जमेल तितका उजळ. आमचं सगळं अर्थशास्त्र या एका वाक्यात येतं.

हे रोशेलला समजावून सांगायची पाळी माझ्यावर येईल असं मात्र वाटलं नव्हतं.

रोशेल टिबडो माझी क्लायंट. काळी, चाळिशी ओलांडलेली, लुइझियानातून टेक्सासात आलेल्या घरातली. बारा वर्षं तिने भिंतींच्या रंगाच्या दुकानात काढली. गिऱ्हाईक उशीचा अभ्रा घेऊन यायचं, "बेडरूमला हाच हवा" म्हणायचं, आणि मशीनचा अंदाज फसला की रोशेलला हाक मारायचे. ती नुसतं बघून सांगायची, पिवळा दोन थेंब वाढवा. त्या नजरेच्या जोरावर तिने चेहऱ्याच्या रंगाचा धंदा काढला. ब्रँडचं नाव 'मिस ओडेसा'. ओडेसा तिची आजी. आजीला उभ्या आयुष्यात स्वतःच्या रंगाची पावडर दुकानात मिळाली नाही. रविवारी चर्चला जाताना ती पांढऱ्या पावडरीत कोको मिसळून लावायची आणि गर्दीत घाम आला की शेजारच्या पोरांना भूक लागायची, असं रोशेल सांगते.

तर मिस ओडेसाच्या फाउंडेशनचे चाळीस शेड. बाजारात सगळे लावतात तसेच तिनेही नंबर लावले होते. एक म्हणजे सगळ्यात फिकट, चाळीस म्हणजे सगळ्यात गडद. चाळिसावा आजीचा. तो रोशेलने आजीच्या फोटोवरून नव्हे, आठवणीवरून बनवला, आणि त्या एकाच बाटलीवर नंबराखाली नाव छापलं: ओडेसा.

एका मोठ्या दुकान-साखळीने तिचा माल आमच्या भागातल्या त्यांच्या दुकानात सहा महिने लावून बघायचं कबूल केलं. त्या दुकानात जाणाऱ्या दहा बायकांत सात आपल्याकडच्या. रोशेल खूश होती. म्हणाली, तुमच्यात तर सगळे रंग आहेत. गिऱ्हाईक खूश असताना मी सल्ला देत नाही, त्याचे वेगळे पैसे कोणी देत नाही.

जानेवारीत ती माझ्या ऑफिसात आली. एका बाजूला किराण्याचं दुकान, दुसऱ्या बाजूला थ्रेडिंगवाली, मधे मी. ती समोर बसली आणि फोन टेबलावर आपटला.

"मिस सुहा," ती म्हणाली. माझं नाव सुहासिनी. ते तिने पहिल्या भेटीत दोनदा घोटून पाहिलं आणि मग दक्षिणेतल्या रीतीने वडीलधाऱ्या बाईला लावतात तसं 'मिस' लावून अर्ध्यावर सोडून दिलं. माझी तक्रार नाही. गोऱ्या क्लायंटांनी माझं 'सू' केलं आहे. "तुमच्या लोकांचं माझ्या रंगाशी काय वैर आहे?"

"का? खपत नाही?"

"खपतंय की! पहिल्या दहातल्या बाटल्या शुक्रवारी संपतात आणि सोमवारी उघडून परत येतात. म्हणे चेहरा राखेसारखा दिसतो. दिसणारच! मी उभी राहून बघितलं. एक बाई होती, सुंदर तपकिरी, चांगला मुरलेला चहा असतो तशी. तिने नंबर चार नेला. चार! तो माझ्या दातांच्या डॉक्टरचा रंग आहे."

फोनवर साखळीच्या खरेदीवाल्याचा, टायलरचा ईमेल होता. त्याने लिहिलं होतं की माल फार परत येतोय, आणि या भागात गडद शेडना मागणी नाही. एप्रिलअखेरपर्यंत असंच राहिलं तर पंचविसाच्या पुढचं सगळं फळीवरून काढावं लागेल. फिकट पंचवीस मात्र ठेवता येतील. शेवटी 'अभिनंदन' होतं. टायलर वाईट बातमीही केक कापल्यासारखी देतो.

"म्हणजे माझ्या आजीच्या नावाच्या फळीवरून माझ्या आजीलाच काढणार," रोशेल म्हणाली.

"काढू देत. पंचवीस तर पंचवीस. जे खपतं ते वीक."

तिने माझ्याकडे असं बघितलं की मी पेन खाली ठेवलं. "मग फळीला दुसऱ्या कोणाची आजी शोधा, मिस सुहा."

तेव्हा मी तिला बायोडेटाचं सांगितलं. तिचा विश्वास बसेना. लग्न ठरवताना कातडीचा रंग लिहून देतात? आणि न बघता? मी म्हटलं, बघून. आधी लिहायचा, मग बघायचा, आणि बघितल्यावरही लिहिलेलाच खरा मानायचा. लग्न होऊन पंचवीस वर्षं झाली तरी बाई त्या कागदाशी एकनिष्ठ असते. तुझ्या दुकानात ती स्वतःसाठी रंग घेत नाही, कागदावरच्या बाईसाठी घेते.

"मला भेटायचंय त्यांना," रोशेल म्हणाली. "सगळ्यांना एकदम. मी एकेकीला खुर्चीत बसवून रंग जुळवून देते. आरशात दिसलं की पटेल."

ज्यांना आरसा पटतो असे लोक तिने रंगाच्या दुकानात पाहिले असतील. पण संक्रांतीचं हळदीकुंकू आलंच होतं.

*

आमच्या मराठी मंडळाची अध्यक्ष मालिनी. सलग तिसऱ्या वर्षी, कारण निवडणुकीची तारीख तीच ठरवते आणि त्या तारखेला ती तेवढी मोकळी असते. मी फोन केला तर आधी आनंदली. सगळ्यांना वाण म्हणून एकेक बाटली फुकट म्हटल्यावर अजून आनंदली. मग आवाज खाली आला.

"ब्लॅक आहे का गं ती? नाही, मला काही नाही हं! आपण सपोर्ट करायलाच हवा त्यांना. फक्त म्हटलं, पर्सेस एका खोलीत ठेवूया का या वेळी?"

दरवर्षी पर्सा खुर्च्यांवर बेवारशी पडलेल्या असतात. या वर्षी त्यांना खोली मिळाली, खोलीला कुलूप आणि कुलपाच्या किल्लीला मालिनीची कंबर.

संक्रांतीला आम्ही काळं नेसतो. वर्षातून एकच दिवस काळा रंग शुभ, तोही साडीपुरता. हॉलभर काळ्या चंद्रकळा, काळ्या पैठण्या, काळी सिल्कं आणि प्रत्येकीच्या मानेवर, जिथे पावडर संपते तिथे, एक सरहद्द. रोशेल दारातच थबकली. "एवढं काळं!" ती हसून म्हणाली. "मला वाटलं माझ्या स्वागताला."

तिच्याबरोबर उपासना होती. नागपूरची मुलगी, इथेच लास कोलिनासला एका बँकेत आकडेमोडीचं काम करते आणि हौसेने रोशेलची वेबसाइट सांभाळते. दारात मालिनी हळदीकुंकवाची कोयरी घेऊन उभी.

"मी कुंकू लावत नाही, काकू. तिळगूळ चालेल," उपासना म्हणाली.

"हो का? बरं. नाव काय म्हणालीस?"

"उपासना."

"ते झालं गं. पुढे?"

"रामटेके."

"अच्छा. अच्छा."

आमच्यात 'अच्छा' दोनदा आलं की समजावं, नोंद झाली. तिळगूळ मात्र दिला. लांबून, पण दिला.

रोशेलने खिडकीपाशी खुर्ची मांडली, आरसा ठेवला, चाळीस बाटल्यांची रांग लावली. मी दुभाषी. अर्थात सगळ्यांना इंग्रजी येतं, घराचं कर्ज इंग्रजीतच काढलं आहे, पण रंगाबद्दल बोलायची वेळ आली की प्रत्येकीला मातृभाषा आठवते.

"सांग ना तिला, हा माझा ओरिजिनल रंग नाही. टेक्सासच्या उन्हाने उतरलाय."

"माझ्या माहेरी सगळे गोरे. घारे पण आहेत."

"तोंडाकडे नको बघू म्हणावं, इथे बघ." हे मालिनी. तिने घड्याळ सरकवून मनगटावरचा पट्टा दाखवला, जिथे गेल्या दहा वर्षांत सूर्य पोचला नव्हता. "हा माझा खरा रंग."

एकीने तर फोनवर फोटो काढून पुढे केला. "ही माझी सख्खी बहीण. हिचा नंबर द्या."

रोशेल कोणाशी वाद घालत नव्हती. जबड्याच्या कडेवर बोटभर रंग लावायची, लांबून बघायची, पुसायची, दुसरा लावायची. जुळला की तो रंग कातडीत नाहीसा व्हायचा. बाटली हातात द्यायची. आणि बाटली हातात पडताच प्रत्येकीचा प्रश्न एकच.

"माझा कितवा आला?"

"एकोणतीस," मी मालिनीला सांगितलं.

"एकोणतिसावा?" मालिनी उभी राहिली. "चाळिसात एकोणतिसावी? अगं, आमच्या घरात कोणी पहिल्या पाचाच्या खाली उतरलेलं नाही! अमेय तर शाळेत कायम पहिला." अमेय म्हणजे तिचा मुलगा, नॉर्थ कॅरोलिनात कॅरीला औषधांच्या कंपनीत असतो आणि ज्याच्यासाठी मुली बघणं चालू आहे तो. "आणि त्या ह्यूस्टनकडच्या शुगर लँडहून नव्या आल्यात त्यांचा कितवा?"

"सव्वीस."

"त्यांचा? सव्वीस? माझ्या आधी?"

रोशेलने मला कोपराने ढोसलं. "काय झालं?"

"परीक्षेत कितव्या आल्या विचारतायत."

रोशेल इतकी हसली की तिला आरसा धरावा लागला. मग हळूहळू थांबली आणि रांगेकडे बघत राहिली, एकाकडून चाळिसाकडे.

शेवटी खुर्चीत उपासना बसली. "माझा जो असेल तो द्या," म्हणाली. त्या दिवशी हे वाक्य पहिल्यांदाच ऐकू आलं. रोशेलने चौतीस लावला. आता हे मी कबूल करते, कारण दिसत होतं ते दिसत होतं. मुलगी उजळली नाही, पण उठून दिसली. आत दिवा लावल्यासारखी. सगळ्या भोवती जमल्या.

"अय्या, छान दिसतंय! कुठला गं हा?"

"चौतीस."

एकदम सगळ्यांना कॉफी आठवली.

"तुला शोभतो हं," मालिनी म्हणाली. "तुमच्याकडे असतोच जरा..."

"आमच्याकडे म्हणजे कुठे, काकू?"

"म्हणजे नागपूरकडे गं! ऊन असतं ना तिकडे."

"हो ना. आणि पुण्यात सावली."

मालिनी तिळगूळ वाटायला निघून गेली. गोड बोला, गोड बोला. रोशेलनेही ते शिकून घेतलं आणि निघताना प्रत्येकीला म्हटलं. प्रत्येकीने बाटली घेतली, गालाला गाल लावला, वाकून "थँक्यू, सो स्वीट" केलं. सोमवारपासून दुकानात रीघ लागली. बायका वाणाच्या बाटल्या पावतीशिवाय बदलून मागायला आल्या होत्या, बरोबर जुन्याही आणल्या होत्या. उपासनाची आणि माझी सोडून एकही घरी राहिली नाही. माझी राहिली कारण मला सत्तावीस आला आणि मला बावीस अपेक्षित होता, पण फुकटचा माल बदलून मागायची मला लाज वाटली.

टायलरचा दुसरा ईमेल आला. त्यात 'अभिनंदन' नव्हतं.

*

"सोपं आहे," मी रोशेलला म्हटलं. उपासनाही आली होती. "नंबर काढ. नाव लाव. वीसपासून पस्तीसपर्यंत सगळ्या बाटल्यांवर एकच शब्द छाप. निमगोरी. आत त्यांचा रंग, बाहेर त्यांचा शब्द. एक बाटली परत येणार नाही, मी लिहून देते."

"काय अर्थ त्याचा?"

"अर्धी गोरी."

"आणि उरलेली अर्धी?"

"ती लिहीत नाहीत."

रोशेलने मान हलवली. "रंगाच्या दुकानात एक तपकिरी होता. 'ओली माती' म्हणून वर्षभर पडून होता. मालकाने त्याला कुठल्याशा इटालियन गावाचं नाव दिलं. पंधरा दिवसांत संपला. तुम्ही सांगताय ते चालतं, मिस सुहा. मी स्वतःच्या हाताने ती चिठ्ठी चिकटवली होती."

"मग?"

"मग माझी आजी कोको लावून चर्चला गेली ती कोणी तिला अर्धी-काहीतरी म्हणावं म्हणून नाही."

मी म्हटलं, आजीचा मान राखायचा तर धंदा राहत नाही, धंदा राखायचा तर आजी राहत नाही. ती म्हणाली, म्हणून तर तुमच्याकडे आले. गिऱ्हाइकांची ही एक खोड असते. न बसणारी बेरीज आणून ठेवतात आणि आपल्याकडे बघत बसतात.

उपासना इतका वेळ फोनवर काहीतरी बघत होती. ती म्हणाली, "नाव कशाला, काकू? त्यांनी नाव कुठे मागितलं? एकीने तरी विचारलं का, या रंगाला काय म्हणतात? सगळ्यांनी एकच विचारलं. कितवा आला."

"हो. आणि?"

"आणि एक फिकटाकडूनच का सुरू होतो?"

रोशेलने खुर्ची पुढे ओढली. बारा वर्षं रंगात आणि चार वर्षं या धंद्यात काढलेली बाई. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. हा प्रश्न तिला कोणी विचारला नव्हता, तिनेही विचारला नव्हता. सगळे तसंच लावतात म्हणून तिनेही तसंच लावलं होतं, आपल्या हाताने आजीला चाळिसावी बसवून.

"उलटं मोजायचं," ती सावकाश म्हणाली. "आजी पहिली."

"अगं, मग सगळ्या गडदच घेत सुटतील," मी म्हटलं. "आज चेहरा राखेचा होतोय, उद्या कोळशाचा होईल. माल परत तो परतच."

"नाही घेणार," उपासना म्हणाली. "तुम्हीच बघा ना, काकू. गोरं दिसायचा सोस काय असा सुटतो?"

मी बघितलं. आणि हिशेबाच्या बाईला जे आधीच दिसायला हवं ते दिसलं. आमच्या बायकांना दोन सोस. रंग उजळ हवा आणि नंबर वरचा हवा. आतापर्यंत दोन्ही सोस एकाच बाजूला ओढत होते म्हणून तराजू जमिनीला टेकला होता. नंबर उलटे केले की एक सोस डाव्या पारड्यात, एक उजव्या. फिकट घेतला तर नंबर जातो. नंबर घेतला तर रंग जातो. मधे काटा स्थिर. आणि काटा जिथे स्थिर होतो तिथे रोशेल बोटावर बाईचा खरा रंग घेऊन उभी.

सद्गुणाने जे झालं नसतं ते दोन अवगुणांनी होणार होतं. माझा स्वभाव असा की यावर माझा लगेच विश्वास बसला.

रोशेलने नवीन चिकटपट्ट्या छापल्या, रात्रंदिवस बसून चिकटवल्या. टायलरने विचारलं, का? रोशेलने त्याला 'ग्राहकाचा प्रवास' असं काहीतरी उत्तर पाठवलं. त्याला ते फार आवडलं. फळीवर माल नंबराप्रमाणे लावायचा हा त्यांचाच नियम, त्यामुळे आजी शेवटच्या कोपऱ्यातून उठून डावीकडे पहिल्या जागी, डोळ्यांसमोर आली.

*

मार्चमध्ये एका शनिवारी मी दुकानात गेले. रोशेल दर शनिवारी तिथे खुर्ची लावून बसायची, उपासना टॅबलेटवर नोंदी ठेवायची. मी सहज गेले होते. म्हणजे मालिनी जाणार आहे हे मला कळलं होतं.

मालिनी आली ती सहा नंबरची बाटली घेऊन. संक्रांतीच्या एकोणतिसाच्या बदल्यात मिळवलेली. चेहरा पिठात हात घालून तोंड पुसल्यासारखा.

"हिच्यात काहीतरी डिफेक्ट आहे," ती रोशेलला म्हणाली. "परवा एका लग्नात सगळ्यांनी विचारलं, बरं नाही का म्हणून. बदलून द्या." मग फळीवरचा तक्ता बघून म्हणाली, "हे काय? माझा सहा कुठाय?"

"तो आता पस्तीस," रोशेल म्हणाली.

"पस्तीस?" मालिनीने बाटली अशी लांब धरली की जणू बाटलीच नापास झाली होती. "चाळिसात पस्तिसावा? मी?"

"तुमचा नाही. तुमचा आम्ही संक्रांतीला काढला होता. आता तो बारावा."

मालिनी माझ्याकडे वळली. "बारावा? चाळिसात? सुहासिनी, तुझा कितवा?"

"चौदावा."

तिच्या चेहऱ्यावर, पिठातूनसुद्धा, समाधान दिसलं. "आणि त्या शुगर लँडच्या?"

"पंधरावा."

मालिनी खुर्चीत बसली. स्वतःहून. पर्स मांडीवर घट्ट धरून, पण बसली. "तिला सांग, नीट बघ म्हणावं. बारावा म्हणजे तिने त्या दिवशी घाईत बघितलं असेल. मूळची मी चांगली सावळी होते. इथे एसीत बसून बसून फिकट पडले."

मी हे इंग्रजीत सांगितलं. रोशेल खाली बघून बाटलीचं झाकण बराच वेळ उघडत राहिली.

"दहाव्यात बसते का बघ ना," मालिनी म्हणाली.

"नाही, मिस मालिनी."

"अकरावा तरी द्या हो. एकाने काय होतं?"

भाजीवालीशी कोथिंबिरीच्या जुडीवरून चालावी तशी ती घासाघीस चालली होती, आणि ती कोथिंबीर म्हणजे सावळेपणा होता. हे बघायला तिचे बायोडेटा लिहिणारे आईवडील हवे होते. रोशेलने जबड्याच्या कडेवर अकरावा लावला. मालिनीने आरशात बघितलं आणि दुसरा सोस जागा झाला. "नको, नको, जरा जास्तच होतोय." पुसला. बारावा लावला. तो बोटाखालीच नाहीसा झाला.

मालिनी आरशात बघत राहिली. मान इकडे केली, तिकडे केली. मानेवरची सरहद्द शोधली, सापडली नाही.

"हे... लावलंय कुठे ते दिसतच नाही," ती म्हणाली.

"तेच त्याचं काम," रोशेल म्हणाली.

तेवढं झालं असतं तर मी मालिनीबद्दल आयुष्यात पहिल्यांदा चांगलं बोलले असते. पण तिची नजर आरशातून मागे गेली. मागे उपासना उभी होती.

"हिचा कितवा?"

"सातवा," मी म्हटलं.

"सातवा?" मालिनी आरशातल्या उपासनाकडे बघून हसली, आणि मराठीत, गोड आवाजात म्हणाली, "हो, म्हणजे त्यांना काय! सगळीकडे सवलतच असते."

उपासनाने टॅबलेटवरून मान वर केली. "नाही काकू," ती म्हणाली. "हा मेरिटवर आलाय."

रोशेलने विचारलं, काय झालं. मी म्हटलं, भाषांतर होत नाही. बाटली मात्र मालिनीने घेतली. ती परत आली नाही.

*

कोणाचीच फारशी आली नाही. आमच्या बायकांचं एकमेकींकडे लक्ष असतं हे त्यांचं सगळ्यात भरवशाचं खातं. बारावी पस्तिसावी व्हायला तयार नव्हती, चौदावी बारावीवर नजर ठेवून होती. मंडळात आता गाल बघून लोक नंबर ओळखायला लागले आणि खोटा नंबर सांगणारीला तिथल्या तिथे पकडायला लागले. एप्रिलअखेर टायलरचा ईमेल आला. चाळीसही शेड राहणार, आणखी तीन दुकानांत लागणार. यश म्हणे त्यांच्या फळीच्या मांडणीचं होतं. अभिनंदन त्याने स्वतःचं केलं, रोशेलला त्याची प्रत पाठवली.

ओडेसाच्या बाटल्या त्या दुकानात खपल्या फार नाहीत. पण काढल्या नाहीत. डावीकडे पहिल्या जागी असतात. आपल्या बायका तिथून जाताना जरा थांबतात आणि पहिल्या नंबराकडे बघावं तसं बघतात.

मे महिन्यात मालिनीने मला अमेयचा नवीन बायोडेटा पाठवला. ह्यूस्टनच्या ओळखीत कोणी मुलगी असेल तर बघ म्हणून. मुलगी सुशिक्षित, घरेलू, नोकरी करणारी वगैरे हवी होती. 'वधूविषयी अपेक्षा' या खान्यात आधी 'गोरी, निमगोरी' होतं ते खोडलं होतं. तिथे लिहिलं होतं: 'शेड पहिल्या विसातली.' आणि खाली, कंसात: 'आडनाव कळवावे.'

मी रोशेलला फोन करून पहिली ओळ सांगितली. ती बराच वेळ हसली. मग दुसरी सांगितली आणि तिचा अर्थ सांगितला. ती हसायची थांबली.

"मग हे आपण चांगलं केलं की वाईट, मिस सुहा?"

"माल परत आला नाही," मी म्हटलं. "माझ्या धंद्यात एवढंच विचारतात."